वाचक विचारतात: ट्रंकेतलं पोस्टकार्ड आणि फ्रान्समधलं गाव

प्रश्न: काका, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड मिळालं. उंच खांब, शेजारी दगडाचे दोन वाघ, खाली इंग्रजीत 'न्यूव चॅपेल'. आजी सांगायची की पणजोबांचे काका फ्रान्सच्या लढाईत गेले, तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीलाच वाढतात. हे गाव कुठलं? आपली मराठा पलटण तिथे होती का?
- एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: पोस्टकार्ड जपून ठेवा बरं, लॅमिनेशन वगैरे अजिबात करू नका. गावाचा फ्रेंच उच्चार साधारण 'नव शापेल', उत्तर फ्रान्समध्ये बेथ्यूनजवळचं अगदी छोटं गाव, सपाट शेतं आणि चिखल. पहिल्या महायुद्धात आपले लोक तिथे १९१४ च्या शेवटीच पोचले होते पण मोठी लढाई झाली १० ते १३ मार्च १९१५ ला. सकाळी साडेसातला तोफा सुरू, ३५ मिनिटं नुसता भडिमार, आणि मग इंग्रज आणि भारतीय पलटणी एकदमच पुढे गेल्या, काही तासांत गाव हातात आलं. पुढे मात्र सगळं गडबडलं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, ऑर्डर पुढे पोचेपर्यंत दुपार टळली, गोळे कमी पडले, तोवर जर्मनांनी नवीन फौज आणून उभी केली. मिळालं काय तर जेमतेम दोन किलोमीटर जमीन, आणि त्यासाठी भारतीय कोरची (म्हणजे तिथल्या भारतीय फौजेची) ४,२०० च्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता. गढवाल रायफल्सचे गबर सिंह नेगी तिथलेच, पहिल्याच दिवशी गेले, नंतर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

कार्डावरचं स्मारक १९२७ चं. ज्यांची कबर किंवा चिता कुठे हेच माहीत नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं तिथे कोरलीत. आर्किटेक्ट हर्बर्ट बेकर, दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक-साउथ ब्लॉक त्यांचेच. खांब अशोकस्तंभाच्या धर्तीवर आणि भोवतीच्या गोल भिंतीला दगडी जाळी, फोटो बघून मला तर आपल्या ग्वाल्हेरच्या हजीऱ्यातल्या सूफी संत गौस मोहम्मदच्या मकबऱ्याचीच आठवण झाली (अर्थात आपली जाळी जास्त नाजूक आहे, हे मी ग्वाल्हेरकर म्हणून सांगणारच).

आता पलटणीचं. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, तुर्कांनी कूत शहराला घातलेल्या वेढ्यात अडकल्या त्या तिथेच. घरोघरी 'फ्रान्स' म्हणून सांगतात ते कधीकधी बसरा निघतं, म्हणून आजीचं ऐकलेलं जरा तपासून घ्या. पण मराठे नव शापेलला नव्हतेच असंही नाही. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये मराठे असायचे, आणि त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ नंबरच्या शीख पलटणीबरोबर ह्याच गावावर हल्ला केला होता. खंदक खणणारे, पूल बांधणारे हे लोक, त्या दिवशी त्यांना सरळ संगिनी लावून गल्लीबोळात घुसवलं, गाव घेतलं पण टिकवता आलं नाही, फार माणसं गेली. इकडे दिवाळी होऊन जेमतेम आठ-नऊ दिवस झालेले.

ग्वाल्हेरचा संबंध विचाराल तर माधवराव शिंदे महाराजांनी जखमी हिंदी सैनिकांसाठी एक अख्खं जहाजच विकत घेऊन दिलं होतं, 'लॉयल्टी' नावाचं.

आता तुम्ही एवढं करा, युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा. आडनाव बरेचदा नसतंच, नाव आणि वडिलांचं नाव, आणि स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं वाटलं तसं, त्यामुळे गणपत चार-पाच प्रकारे टाइप करावं लागेल. सापडलं तर शेजारी रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख असते. ती तारीख गुरुजींना द्या, जुन्या पंचांगातून तिथी काढून देतील.