पावशेर भेंडीत चौघांचं जेवण?

तुम्ही लिहिलंय की घरात चौघं, मुलं बटाटा आणि भेंडीपलीकडे जात नाहीत, नोकरीमुळे रोज नवं काही करायला वेळ नाही आणि आणलेली फळं टोपलीतच सुकतात, तर घरातल्यांच्या पोटात भाज्या-फळं जास्त कशी जातील? माझी मुलं लहान असताना आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्या पाककृती शोधण्याआधी एकदा वजन करून बघा. मी केलं होतं. रात्रीच्या भाजीला भेंडी पाव किलो, खाणारे चौघं. देठं-शेंडे काढल्यावर माणशी जेमतेम ५० ग्रॅम! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांमध्ये दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ४०० ग्रॅम भाज्या (पालेभाजी धरून) आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. लहान मुलांना थोडं कमी धरा, तरी फरक केवढा आहे बघा. मुलं भाजी खात नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, पण मुळात ती पातेल्यातच नसते. आपल्याकडे भाजी म्हणजे तोंडीलावणं, चार पोळ्यांना पुरवून खायची.

त्यामुळे मी भाज्यांची संख्या वाढवली नाही, एकाच भाजीचं प्रमाण दुप्पट केलं आणि पोळ्या कमी लाटल्या. कोबी, फरसबी, लाल भोपळा, मूगडाळ घालून पडवळ किंवा दोडका, यांना हे चालतं. भेंडी मात्र एकाच कढईत दुप्पट घातलीत तर गिचका होतो, दोन घाणे करा. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तीळ घालून परतल्या की चटणी होते.

वेळ नसेल तर वरणाला हाताशी धरा. कुकरच्या डब्यात डाळीबरोबरच दुधीच्या फोडी किंवा मूठभर पालक घालायचा. वेगळं काही करावं लागत नाही. दुधीचा तुकडा आधी चाखून बघायचा, कडू लागला तर सगळाच टाकून द्यायचा. कडू दुधी खाऊन माणसं खरंच गंभीर आजारी पडतात.

आता लपवाछपवीबद्दल. बरेच जण सुचवतील की भाजी वाटून कणकेत घाला. मीही पालक वाटून पोळ्या केल्या होत्या आणि 'ही हल्कची पोळी' म्हणून खपवल्या. धाकट्याला तिसऱ्या दिवशी मिक्सरच्या भांड्याला चिकटलेलं पान दिसलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो कोथिंबीर घातलेल्या आमटीकडेही संशयाने बघायचा. मेथीचं थालीपीठ करा, कोथिंबीर वडी करा, पण त्यात मेथी आहे, कोथिंबीर आहे, हे सांगून.

आमच्याकडे खरा फरक पडला तो साडेसातच्या ताटलीने. स्वयंपाक चालू असताना मुलं 'भूक लागली' म्हणत डब्यातला चिवडा शोधायची. त्या वेळी मी काही न बोलता ओट्यावर काकडी, गाजर, थोडा मुळा कापून मीठ-लिंबू लावून ठेवायला लागले. खा म्हणायचं नाही, खाल्लं का विचारायचंही नाही. पहिल्या आठवड्यात मीच संपवलं. मग काकडी संपायला लागली, पुढे गाजर. मुळा आजही फक्त नवरा खातो, असो.

फळांचंही तसंच. टोपलीतला पेरू कुणी उचलत नाही, फोडी करून तिखट-मीठ लावलेला पेरू पाच मिनिटांत फस्त होतो. शाळेतून आल्याआल्या द्या. आणि सफरचंदाच्या मागे लागू नका. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही जास्त असतं आणि खिशालाही तो परवडतो. रस काढू नका, चोथा जातो आणि एका पेल्यात तीन संत्री संपतात.

पावसाळ्यात पालेभाजी महाग असते, शिवाय चिखलाने भरलेली. तेव्हा मोड आलेली मटकी आणि वेलीवरच्या भाज्यांवर निभावून न्या. उलट थंडीत मटार-गाजर स्वस्त असतं. भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा सगळं एकत्र पडतं. ती वर्षातून एकदाच का करतो आपण, हे मला कळलेलं नाही. मी जानेवारीभर दर रविवारी करते, बाजरीच्या भाकरीबरोबर.

घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मुलांची वयं किती आहेत आणि डबा घरून नेतात का, ते कळवा. डब्याचं गणित वेगळं असतं, त्यावर स्वतंत्र लिहीन.