१ ऑगस्टपर्यंतचा काउंटडाउन मोबाइलवर मागे का पडतो?

तुमची अडचण मला समजली ती अशी: हर्णैच्या मच्छीमारांसाठी केलेल्या पानावर पावसाळी मासेमारी बंदी संपायला किती वेळ उरला ते दाखवायचंय. फोन खिशात ठेवून अर्ध्या तासाने काढला की टायमर मागे पडलेला असतो, आणि दुबईतल्या भावाला तेच पान दीड तास जास्त दाखवतं. हे दोन वेगळे घोळ आहेत.

पहिला घोळ मोजणीचा. तुम्ही सेटइंटरव्हल (ठरावीक अंतराने तेच काम पुन्हा पुन्हा चालवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) १००० मिलिसेकंदांवर, म्हणजे एका सेकंदावर, लावलंय आणि दर फेरीला उरलेल्या सेकंदांतून एक वजा करताय. पण सेटइंटरव्हल 'बरोबर एका सेकंदाने' असं वचन देतच नाही. 'त्याआधी नाही' एवढंच सांभाळतं. टॅब मागे गेला की ब्राउझर बॅटरी वाचवायला टायमरचा वेग कमी करतो. क्रोममध्ये तर २०२१ पासून, टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेला असेल तर असे टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतात. म्हणजे साठ सेकंद सरतात आणि तुमचं पान एकच वजा करतं. फोन लॉक केला की बहुधा तेवढंही होत नाही.

म्हणून वजाबाकी साठवून ठेवूच नका. दर फेरीला डेट डॉट नाऊ (आत्ताची वेळ, मिलिसेकंदांत) विचारा, संपण्याच्या क्षणातून ते वजा करा, आणि जे उरेल ते दाखवा. मधल्या शंभर फेऱ्या चुकल्या तरी पुढची फेरी खरा आकडाच दाखवेल. फेरी मात्र २५० मिलिसेकंदांची ठेवा. हजारावर ठेवली तर थोडा थोडा उशीर साचून मधूनच एखादा सेकंद गाळला जातो, आणि पाहणाऱ्याला १७ नंतर एकदम १५ दिसतो. शिवाय व्हिजिबिलिटीचेंज (टॅब झाकला किंवा पुन्हा दिसला की येणारी सूचना) या इव्हेंटवर तेच फंक्शन एकदा बोलवा, म्हणजे फोन उघडताक्षणी आकडा ताजा होतो.

दिवस-तास काढताना मिलिसेकंदांना १००० ने भागून मॅथ डॉट फ्लोअर करा (म्हणजे अपूर्णांक सोडून द्या), मग बाकी पुढे नेत जा. समजा २,००,००० सेकंद उरलेत. ८६,४०० ने भागलं की २ दिवस, बाकी २७,२००. त्यात ७ तास, बाकी २,०००. त्यात ३३ मिनिटं आणि वर २० सेकंद. एक अंकी आकड्यापुढे शून्य हवं असेल तर पॅडस्टार्ट आहेच.

आता दुबई. तारखेपुढे वेळ लिहून टाइमझोन लिहिला नाही, तर जावास्क्रिप्ट ती वेळ पाहणाऱ्याच्या फोनच्या जागेची धरतं. दुबईतली मध्यरात्र आपल्याकडे दीड वाजता होते, म्हणून भावाला दीड तास जास्त. तो कुवेतला असता तर अडीच तासांचा फरक पडला असता. वेळ न लिहिता नुसती तारीख दिली तर आणखी वेगळंच: ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते आणि तुमची बंदी सगळ्यांसाठीच पहाटे साडेपाचला संपते. उपाय एकच, वेळेच्या शेवटी +०५:३०, म्हणजे भारताची वेळ, लिहा (कोडमध्ये अर्थात इंग्रजी आकडे). आपल्या गावचं निम्मं घर आखातात असतं, तेव्हा ही सवय लावूनच घ्या. तारीख आकड्यांनी देत असाल तर महिने शून्यापासून मोजले जातात: ऑगस्ट म्हणजे ७. तिथे ८ लिहिलंत तर १ सप्टेंबर येईल.

काही जण सुचवतील की 'बंदी संपली' हा मजकूर दाखवायला एकच सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळाने एकदाच चालणारा टायमर) लावून टाका. नका लावू. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे पंचवीस दिवसांहूनही किंचित कमी. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस त्यात मावत नाहीत, आणि मर्यादा ओलांडली की ते थांबत नाही, लगेच चालतं. पहिल्याच दिवशी पान 'बंदी संपली' म्हणेल.

वजाबाकी शून्य किंवा ऋण झाली की क्लिअरइंटरव्हल करून फेऱ्या थांबवा आणि आकड्यांच्या जागी मजकूर दाखवा. तो मजकूर मात्र जपून लिहा. ही बंदी यांत्रिकी नौकांसाठी आहे, तसं स्पष्ट म्हणा. 'आता समुद्रात जा' असं काही लिहू नका, कारण ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या खवळलेला असू शकतो. त्याच चौकटीत हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्याची लिंक ठेवा, आणि ती टायमरच्या अक्षरांइतकीच मोठी ठेवा.