मायक्रोवेव्हची खास भांडी: कोणती घ्यावीत, कोणती दुकानातच राहू द्यावीत

तुम्ही लिहिलंय की लेक नोकरीसाठी पुण्याला एकटी राहायला जातेय, भाड्याच्या खोलीत गॅस नाही, घरमालकांचा २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह तेवढा आहे, आणि दुकानदार ९ प्लास्टिकच्या भांड्यांचा 'मायक्रोवेव्ह कुकिंग सेट' दाखवतोय. तो घ्यावा का, असा तुमचा प्रश्न.

सेट घेऊ नका. त्याच पैशात झाकणाची दोन चांगली काचेची भांडी घ्या, एक उथळ आणि एक खोल. हवाच असेल तर इडलीचा स्टँड सुटा घ्या. डोंबिवलीत आम्ही दोघं नोकरी करत होतो तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं मी मायक्रोवेव्हमध्ये रोज काही ना काही शिजवतेय. त्या काळात असे दोन सेट घरात आले. आज त्यातला फक्त इडली स्टँड वापरात आहे. असं का झालं ते सविस्तर सांगते, म्हणजे दुकानात तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मायक्रोवेव्हमध्ये भांडं तापत नाही, अन्नातलं पाणी तापतं. त्यामुळे भांड्याची कामं तीनच: लहरी आरपार जाऊ देणं, वाफ धरून ठेवणं, आणि अन्न नीट पसरून ठेवणं. यातलं तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. मायक्रोवेव्ह पदार्थ आतून बाहेर शिजवतो असं पुष्कळ जण समजतात, पण तसं नसतं. लहरी बाहेरून साधारण दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात, त्यापुढे उष्णता आपली हळूहळू सरकत जाते. म्हणून खोल भांड्यात गच्च भरलेली भाजी कडेला उकळत असते आणि मधे गार असते. चौकोनी भांड्यात चारही कोपरे आधी वाळतात, कारण तिथे दोन्ही बाजूंनी मारा होतो. तेव्हा भांडं गोल आणि पसरट हवं, आणि जाड तुकडे कडेला लावून मधली जागा शक्यतो मोकळी सोडावी. बटाटे उकडताना मी ते गोलात मांडते. दोन मध्यम बटाटे काट्याने टोचून, दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून ८०० वॅटवर पाच-सहा मिनिटं, मग तीन मिनिटं तसेच झाकून. ही झाकलेली मिनिटं चुकवू नका, मधला भाग तेव्हाच शिजतो.

काच घेताना बोरोसिलिकेट आहे ना, ते विचारा. साध्या काचेच्या मानाने ही काच उष्णतेने साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून एकदम तापली-निवली तरी सहसा तडकत नाही. तरीही लेकीला बजावून सांगा की गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवायचं नाही, खाली घडी घातलेलं फडकं हवंच. फ्रीझरमधून काढलेलं भांडंही थेट आत ठेवायचं नाही. झाकण काचेचंच मिळालं तर फारच चांगलं. बऱ्याच भांड्यांना चार क्लिपांचं प्लास्टिकचं झाकण येतं. ते फ्रिजसाठी ठीक आहे, पण गरम करताना क्लिपा लावून बंद करायचं नाही, नुसतं वर टेकवायचं. नाहीतर सरळ एक काचेची ताटली उपडी घालावी.

आता प्लास्टिकबद्दल. खोक्यावरच्या 'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांचा अर्थ आपण वाजवीपेक्षा मोठा घेतो. नेहमीच्या वापरात भांडं वितळणार नाही, वाकडं होणार नाही, एवढीच ती हमी असते. त्यातून अन्नात काहीच उतरत नाही, असं ते म्हणत नाहीत. ही भांडी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात (तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो). हे प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे नुसतं पाणी किंवा वाफ असेल तोवर भांड्याला धोका नाही. तेल मात्र १०० ला थांबत नाही. आमच्या घरी असं झालं होतं: रश्श्याची भाजी, वर चांगला तर्रीचा तवंग, 'सेफ' लिहिलेला डबा, आणि तीन मिनिटं. भाजी काढली तर तवंग जिथे टेकला होता तिथे डब्याला आतून पांढरट खडबडीत वळ उमटला होता. बोट फिरवलं की खरखर लागायचं. ती भाजी मी टाकून दिली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे तेल-तुपाचं काहीही प्लास्टिकमध्ये तापत नाही.

दुसरी गोष्ट २०२३ सालची. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवून पाहिले. काही डब्यांमधून एका चौरस सेंटीमीटरमागे ४० लाखांहून जास्त सूक्ष्म कण आणि २०० कोटींहून जास्त अतिसूक्ष्म कण सुटले. हे वाचल्यावर नातवाचं दूध, पेज, खिमट सगळं मी काचेत न्यायला लागले. हळदीचे डाग आणि मसाल्याचा वास प्लास्टिकला धरून राहतात तो त्रास वेगळाच. (डागांवर उपाय आहे. डबा धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात उपडा न ठेवता उघडा ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.)

तर सेटमधलं एकेक. इडली स्टँड मी ठेवला, कारण त्याचं काम दुसरं भांडं तितक्या सोप्या पद्धतीने करत नाही. स्टीलचं इडलीपात्र मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. या स्टँडमध्ये तळाला अर्धी वाटी पाणी, साच्यांना तेलाचं बोट, आणि ८०० वॅटवर साधारण पाच मिनिटं. दोन मिनिटं वाफ मुरू द्यायची. इडली गॅसवरच्याइतकी हलकी होते, फक्त निवली की लवकर कोरडी पडते, म्हणून गरम असतानाच खावी. हेही प्लास्टिकच आहे, पण पंधरा दिवसांतून एकदा, पाच मिनिटं, वाफेवर, एवढं मी चालवून घेते. तुम्हाला तेही नको असेल तर चिनीमातीच्या चार लहान वाट्यांमध्ये पीठ घालून त्या ताटलीत गोल मांडा, ताटलीत थोडं पाणी घाला आणि वर मोठा काचेचा बोल उपडा घाला. एकटीपुरत्या इडल्या त्यात छान होतात. ढोकळ्याला तर स्टँड लागतच नाही. उथळ काचेच्या भांड्यात चार-पाच मिनिटांत ढोकळा फुलून येतो.

भाताचं प्लास्टिकचं भांडं दुहेरी झाकणाचं असतं. भाताचा फेस वर येतो तो आतल्या झाकणावर थांबतो आणि यंत्र खराब होत नाही, एवढा त्याचा उपयोग. खोल काचेचं भांडं तांदूळ-पाण्याच्या तिप्पट मोठं घेतलं आणि झाकण किंचित कलतं ठेवलं की तेच साधतं. वेळेचं म्हणाल तर वाटीभर तांदळाला पंधरा मिनिटं आणि वर पाच मिनिटं मुरायला. म्हणजे कुकरपेक्षा वेळ वाचत नाही. फक्त जवळ उभं राहावं लागत नाही.

वरणासाठी डाळ मात्र यात शिजवायला सांगू नका. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तुरीची डाळ चार शिट्ट्यांत मऊ होते. मायक्रोवेव्हमध्ये उघड्या भांड्यात १०० च्या पुढे जाताच येत नाही. भिजवलेली डाळही अर्धा तास घेते, उतू जाते, आणि तरी पुरती मऊ होत नाही. मायक्रोवेव्हसाठी प्लास्टिकचे प्रेशर कुकरही मिळतात, पण मी ते घेणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही. रोज वरण-भात खाणारी मुलगी असेल तर सेटचे पैसे इंडक्शन शेगडीकडे वळवा आणि घरातला इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा लहान स्टीलचा कुकर तिला द्या. तिच्या जेवणात खरा फरक त्याने पडेल.

ऑम्लेटचं, पास्त्याचं, नूडल्सचं वेगळं भांडं हे सगळं उथळ काचेच्या भांड्यात होतं. अंडं असेल तर बलक टोचायचा आणि सालासकट अंडं कधीही आत ठेवायचं नाही, फुटतं. फोडणीची प्लास्टिकची वाटी कोणी भेट दिली तरी वापरू नका. तेल या लहरींनी सावकाश तापतं, आणि तापलं की थांबत नाही. काचेच्या भांड्यात तूप-जिरं दोन मिनिटांत होतं. त्यावर भिजवलेला साबुदाणा, दाण्याचं कूट, मीठ, साखर घालून दोन मिनिटं, हलवून पुन्हा दोन मिनिटं. साबुदाणा आरपार दिसायला लागला की खिचडी झाली. बुडाला चिकटणं नाही, गोळा होणं नाही. उपवासाची ही एक खिचडी मी गॅस असूनही मायक्रोवेव्हमध्येच करते.

आणखी एक पदार्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही, सुरळीच्या वड्या. गॅसवर ते पीठ हटवताना हात भरून येतात. एक वाटी बेसन, तीन वाट्या बेताचं आंबट ताक, हळद, हिंग, मीठ, सगळं गुठळी न ठेवता खोल काचेच्या भांड्यात फेटून घ्या. दोन मिनिटं लावा, बाहेर काढून कडेचं घट्ट झालेलं मधे ओढत जोरात घोटा. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा घोटा. तिसऱ्या फेरीपासून एकेक मिनिटच. पीठ चकाकायला लागलं आणि ताटाच्या मागे लावलेला ठिपका दहा सेकंदांत सुटून आला की लगेच ताटांवर पसरा, उशीर केला तर आवळतं. यात खास भांडं काहीच नाही. घोटायला जागा देणारा गोल बुडाचा बोल लागतो, चौकोनी भांड्यात कोपऱ्यातलं पीठ हाती येत नाही.

खास म्हणावं असं भांडं मला एकच माहीत आहे, क्रिस्प प्लेट. तिच्यातला थर लहरी शोषून घेतो आणि ताटली २०० अंशांपर्यंत तापते, म्हणून कटलेटला किंवा कालच्या पिझ्झ्याला खालून खरा कुरकुरीतपणा येतो. काचेत किंवा प्लास्टिकमध्ये तो येणं शक्यच नाही. पण ती आपल्या यंत्राला चालते का, हे यंत्राच्या पुस्तिकेत बघूनच घ्यावी. लेकीच्या साध्या मायक्रोवेव्हसाठी सध्या नको. पुढे कधी तिने कन्व्हेक्शनवाला घेतला, तर कन्व्हेक्शन आणि ग्रिलवर प्लास्टिक पूर्ण बंद. तिथे आतली हवाच २०० अंशांची असते आणि 'मायक्रोवेव्ह सेफ' डबासुद्धा वितळतो. हा घोटाळा फार घरांतून होतो.

घरातून काय काय नेता येईल हे तपासायची सोपी रीत आहे. रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा, एक मिनिट पूर्ण ताकदीवर लावा. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं चालेल. भांडंच तापलं तर नको. सोनेरी-चंदेरी काठाचे कप ही परीक्षासुद्धा देऊ नका, ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनीमातीसारख्या असतात, पण त्या गरम करायच्या नाहीत.

दुकानात जाण्याआधी लेकीला किंवा घरमालकांना आतली फिरती काच मोजायला सांगा. २० लिटरच्या यंत्रात ती बहुधा २५ सेंटीमीटरच्या आसपास असते. भांडं घेताना नुसता व्यास बघू नका, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजा. कान भिंतीला अडले की काच फिरत नाही आणि भाजी एकाच बाजूला करपते. मशीनच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात, त्यातला आउटपुटचा, ७०० किंवा ८००, तेवढा मला कळवा. वर दिलेल्या सगळ्या वेळा ८०० च्या आहेत, ७०० असेल तर दर पाच मिनिटांमागे पाऊण मिनिट वाढवायचं.