तुमचे प्रश्न : पेडल, अँप आणि घरचं रेकॉर्डिंग

माझ्या गिटारच्या बोर्डवर सहा पेडल (पायाने दाबून आवाज बदलणारे छोटे डबे) आहेत. सगळी एकाच अडॅप्टरवर, एका फाटे फुटलेल्या केबलने जोडली आहेत. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) जोडल्यापासून मागे बारीक ‘चीं’ असा आवाज येतो आणि ओव्हरड्राइव्ह (सूर खरखरीत करणारं पेडल) दाबला की तो दुप्पट होतो. नॉइज गेट घ्यावा का? (डोंबिवली)

नको. गेट फक्त तुम्ही वाजवत नसताना आवाज झाकेल. सूर लागला की ‘चीं’ सुराबरोबर परत येईलच. डिलेमधल्या डिजिटल चिपच्या घड्याळाचा आणि व्होल्टेज बदलणाऱ्या भागाचा आवाज सामाईक वायरमधून इतर पेडलमध्ये शिरतो. ओव्हरड्राइव्ह तोच आवाज इमानेइतबारे मोठा करतो.

खात्री करायला काही विकत घ्यावं लागत नाही. ओव्हरड्राइव्हची पॉवरची पिन काढा आणि त्यात ९ व्होल्टची बॅटरी घाला. साधा अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह ५ ते १० मिलिअँपिअरच घेतो, त्यामुळे बॅटरी बरेच तास पुरते. आवाज गेला किंवा खूप कमी झाला, तर दोष पुरवठ्याचा आहे. मग डिलेला वेगळा अडॅप्टर द्या, किंवा प्रत्येक आउटपुट खरोखर अलग असलेला पॉवर सप्लाय घ्या.

‘खरोखर’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आठ भोकं असलेले बरेच स्वस्त डबे आतून एकाच वायरवर असतात. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा. डबा विजेपासून आणि पेडलपासून सुटा असताना मीटर बीपवर ठेवा आणि दोन आउटपुटच्या मायनसना टोकं लावा. बीप वाजला तर ती आउटपुट अलग नाहीत. बहुतेक पेडलना मधली बाजू मायनस असलेली पिन लागते, तेव्हा मायनस म्हणजे पिनचं मधलं भोक.

एक इशारा, कारण घरोघरी हे घडतं. सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा जुना अडॅप्टर पेडलला लावू नका. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची मधली बाजू प्लस असते. उलट्या पुरवठ्याने पेडलमधला संरक्षक डायोड जळतो. व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या काही चिप तर साडेदहा व्होल्टच्या वर टिकतच नाहीत. मिलिअँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, पेडल लागेल तेवढेच ओढतं. सगळ्यांची बेरीज करून वर पाव भाग शिल्लक राहील असा पुरवठा निवडा.

आमची जुनी चाळ आहे. अँप लावला की गुणगुण येते, तारांना हात लावला की कमी होते. गिटारमध्ये बिघाड आहे का? (गिरगाव)

हात लावल्यावर कमी होते, म्हणजे तारा ग्राउंडला जोडलेल्या आहेत आणि गिटारचं ते वायरिंग ठीक आहे. आजूबाजूच्या विजेचा आवाज तुमचं शरीर पकडतं. तारांना स्पर्श केला की ते ग्राउंड होतं. उरलेला आवाज कुठून येतो ते एकेक वस्तू बंद करून शोधा.

पहिला संशय पंख्याच्या रेग्युलेटरवर घ्या. गोल फिरणारा, टप्पे नसलेला रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतो आणि त्यातून कर्कश खरखर निघते. पंखा भिंतीवरच्या बटणाने बंद करून ऐका. टप्प्यांचा, कंडेन्सरवाला रेग्युलेटर हा त्रास सहसा देत नाही. मग एलईडी दिवे, मोबाइल चार्जर. लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याचा दोष) आहे. शेवटी जागेवर उभं राहून गिटार हळूहळू काटकोनात फिरवा. आवाज एका दिशेला विरत असेल तर तो सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंप टिपणारा एका वेटोळ्याचा भाग) पकडतो आहे. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली तर खरखर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची गुणगुण तिने जात नाही. त्यासाठी अँपपासून दूर सरका किंवा हमबकर (गुणगुण खोडणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) वापरा.

आता खरी काळजीची गोष्ट. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं भोक असतं, मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थिंगमध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक-दोन. गुणगुण घालवायला अँपची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना झटका बसला तर तो छातीतून जातो. अर्थिंगसाठी नळाचा पाइपही वापरायचा नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

माझा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज जाड आणि फाटका करणारं पेडल) जानेवारीत सुंदर वाजतो, मे महिन्यात गुदमरतो. (वसई)

जर्मेनियमचा स्वभावच तसा. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह झपाट्याने वाढतो, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. त्यामुळे बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचा ठरलेला व्होल्टेज, सरकतो. दोन ट्रान्झिस्टरच्या फझमध्ये दुसऱ्याच्या कलेक्टरवर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) साधारण साडेचार व्होल्ट असावेत. तिथे ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने जुळवायचा छोटा रोधक) नसेल तर बसवून घ्या आणि खोली तापलेली असताना जुळवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ट्रिमपॉट अगदी किरकोळ किमतीत मिळतो. मैदानातल्या उघड्या स्टेजवर दुपारी वाजवायचं असेल तर बीसी १०८ सारखा सिलिकॉन ट्रान्झिस्टर असलेला फझ न्या. त्याचा आवाज जास्त धारदार आहे, पण तो उन्हात ढळत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. पीएनपी (उलट ध्रुवांचे ट्रान्झिस्टर असलेला) जर्मेनियम फझ बहुधा प्लस ग्राउंडचा असतो. तो इतरांबरोबर एकाच वायरवर जोडला तर सरळ शॉर्ट होतो. आणि फझ गिटारनंतर सर्वांत पहिला ठेवा. आधी बफर (सिग्नलला आधार देणारं सर्किट) असलेला ट्यूनर आला तर आवाज पातळ होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर मिळणारा स्वच्छ सूरही जातो.

डिस्टॉर्शन पेडल थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) लावून रेकॉर्ड केलं तर माश्या घोंघावल्यासारखं ऐकू येतं. (ठाणे)

तुमच्या साखळीत स्पीकर नाही. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊ देत नाही. पेडलमधली सगळी किरकिर तिथेच गाळली जाते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये डिस्टॉर्शननंतर कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावा. बहुतेकांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

गिटार थेट लावत असाल तर इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ बटण दाबा. तिथे सुमारे १ मेगाओहमचा इनपुट मिळतो. लाइन इनपुटला पिकअपचा तिखटपणा बुजतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत जोरदार ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. वाजवताना सॉफ्टवेअरचा बफर (कॉम्प्युटर आवाज साठवून घेतो तो तुकडा) १२८ सँपल ठेवा, मिक्स करताना वाढवा. शक्य असेल तर कोरी (पेडलचा परिणाम नसलेली) गिटार दुसऱ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा. सूर चुकला नसेल आणि फक्त टोन नको असेल, तर पुन्हा वाजवावं लागत नाही.

अँपवर माइक लावायची सोय असेल तर एसएम ५७ माइक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखा. आवाज बोचला तर ईक्यूला (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारी सोय) हात न लावता माइक बोटभर बाहेर सरकवा.

पावसाळ्यात नॉब फिरवले की खरखर येते. (परळ)

पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता भाग) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, नॉब पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा आणि तासभर सुकू द्या. गंज सोडवणारा साधा स्प्रे वापरू नका, त्याचं तेल आत राहून धूळ धरतं. केबलचे जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोर्डच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, आणि जून ते सप्टेंबर न वाजणाऱ्या पेडलमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा.