वाचकांचे प्रश्न : रॅम्प बांधला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीने मागील वर्षी मंदिराच्या दाराशी रॅम्प बांधला. व्हीलचेअर वापरणाऱ्या एक भगिनी काही आठवडे आल्या, नंतर त्यांचे येणे थांबले. एक अंध बंधू मात्र नियमित येतात. त्यांच्याकडे शास्त्रवाचन सोपवावे असे मी सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी बायबलमधील लेवीय पुस्तकाचा २१ वा अध्याय पुढे केला; व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ जाऊ नये, असे त्यात आहे. आमचे कुठे चुकते आहे? – एक पंच

उत्तर : प्रथम त्या भगिनींना भेटून विचारा. बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत असतानाही, त्याच्यासाठी काय करावे हे येशूने त्यालाच विचारले (मार्क १०:५१). आपल्या कमिट्या मात्र ज्याची गरज त्याला न विचारताच ठराव करून मोकळ्या होतात.

रॅम्प एक फूट उंचीला निदान बारा फूट लांब असावा, हे आपण पाहिलेच असेल. पण तो चढून आल्यावर खुर्ची ठेवायची कुठे? बहुतेक ठिकाणी शेवटच्या बाकामागे, म्हणजे कुटुंबापासून दूर. मधल्या रांगेतील एक बाक कापून आखूड केला तर हा प्रश्न सुटतो. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती मनुष्याला येशूपुढे खाली सोडण्यासाठी छप्पर उसकटले, तेव्हा घरमालकाने तक्रार केल्याचे मार्काने लिहिलेले नाही. देणगीदाराचे नाव कोरलेल्या बाकाला करवत लावण्याचा विषय आपण बैठकीत काढून पाहा.

माणसे येणे थांबवतात त्याचे आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते. दर रविवारी कोणीतरी न विचारता डोक्यावर हात ठेवून बरे होण्यासाठी प्रार्थना करतो, आणि बरे वाटले नाही की विश्वास कमी पडल्याची कुजबुज होते. जन्मांधाविषयी 'पाप कोणी केले?' असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने ना त्याला दोषी ठरवले, ना त्याच्या आईबापांना (योहान ९). आणि प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती करूनही, ज्याला तो 'शरीरातील काटा' म्हणतो, तो त्याचा त्रास गेला नाही. प्रार्थना अवश्य करावी, परंतु ती हवी आहे का, हे आधी विचारावे.

आता लेवीय. तो नियम अहरोनाच्या वंशातील याजकांनी वेदीजवळ जाण्यापुरता आहे, आणि त्याच अध्यायातील २२ वे वचन अशा याजकाला परमपवित्र अन्न खाण्याची मोकळीक देते. शास्त्रवाचन म्हणजे ते याजकपण नव्हे; शिवाय ज्या प्रभूला आपण प्रमुख याजक मानतो, त्याने पुनरुत्थानानंतरही शिष्य थोमाला आपल्या हातांवरील खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. अकराव्या शतकातील राइखेनाऊ मठाचे हर्मन यांना चालता येत नसे, बोलणेही कष्टाचे होते. तरी संगीत आणि खगोलशास्त्र यांवरील त्यांचे लेखन टिकून आहे. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत. तेव्हा त्या बंधूंना वाचन जरूर द्या, मात्र उतारा काही दिवस आधी कळवा, कारण ब्रेलमधील बायबल अनेक जाड खंडांचे असते आणि नेमका खंड सोबत आणावा लागतो.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. त्याला धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली पाठ होत नाही. त्याला प्रभुभोजन (उपासनेतील भाकर व द्राक्षारस) मिळू शकेल का? – एक आई

उत्तर : अंतिम निर्णय आपल्या मंडळीच्या नियमांनुसार होईल. ऑर्थोडॉक्स मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही प्रभुभोजन देतात. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९५ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की ही भाकर नेहमीच्या अन्नाहून निराळी आहे ही जाणीव शब्दांऐवजी हावभावातून किंवा आदरयुक्त शांततेतून दिसली तरी पुरे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातील, स्वतःची परीक्षा करूनच ही भाकर खावी, हे वचन पुढे केले जाते. पण त्या अध्यायात पौल रागावतो तो बुद्धीने कमी असलेल्यांवर नव्हे, तर इतरांसाठी न थांबता आपापले जेवण आधी उरकणाऱ्यांवर. हा संदर्भ घेऊन पाळकांना भेटा, आणि भेटीला मुलालाही न्या. चव आणि स्पर्श यांची सवय व्हावी म्हणून काही दिवस घरी साध्या भाकरीचा तुकडा देऊन सराव करून घेतल्यास तो त्या दिवशी बिचकणार नाही.