साखळी दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला लिहिताना

तुमचे कोकम सरबत उत्तम आहे याविषयी मला शंका नाही. परंतु ते साखळी दुकानात ठेवावे म्हणून तुम्ही लिहून मला दाखवलेल्या तीन पानी मेलमध्ये घाऊक दर शोधायला मलाच दुसऱ्या पानापर्यंत जावे लागले, आणि खरेदी अधिकारी तेवढा वेळ थांबत नाही. पहिल्या चार ओळींतच बाटलीचे माप, एमआरपी, दुकानाला द्यायचा दर, खोक्यातील नग आणि माल किती महिने टिकतो हे लिहा. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि ८९० ने सुरू होणारा जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेचा बारकोड हाताशी नसेल, तर मेलची घाई करू नका.

त्याआधी त्याच दुकानात सरबतांच्या फळीसमोर अर्धा तास उभे राहा. 'तुमच्याकडे ७०० मिलीचे कोकम आहे, परंतु २०० मिलीची बाटली एकही नाही' हे एक वाक्य आजीच्या पाककृतीच्या वर्णनापेक्षा (ते मीही पूर्वी भक्तिभावाने लिहीत असे) कितीतरी अधिक उपयोगी पडते.

मी एका वर्षी मार्चमध्ये नमुने पाठवले, तेव्हा उन्हाळ्याची फळी केव्हाच ठरून गेली होती. म्हणून दिवाळी आटोपताच लिहा. उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोनच ओळी लिहून, महिन्याला किती खोकी खात्रीने पुरवू शकाल तो आकडा कळवा, आणि तो फुगवू नका.