मोदकानं पाडलं, की पाच तास उभं राहण्यानं?

*ताई, मी 41 वर्षांची, नाशिकला राहते. दोन वर्षांपूर्वी ताप आला. ताप गेला, थकवा गेला नाही. बऱ्याच तपासण्यांनंतर 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' असं निदान झालं. चार महिन्यांपूर्वी एका आहारसल्लागारांनी सांगितलं की पोटात यीस्ट माजलंय, त्याला उपाशी मारायचं. साखर, गूळ, मध, सगळी फळं, पाव, इडली-डोसा, दही, शेंगदाणे आणि चहा असं सगळं एका दिवसात बंद केलं. पहिल्या आठवड्यात डोकं फुटायची वेळ आली, तर म्हणाले, यीस्ट मरतंय, चांगली खूण आहे. वजन 54 वरून 48 किलो झालंय. चार वाजले की मी स्वयंपाकघरात डबे उघडत फिरते. गौरी-गणपतीत दोन मोदक आणि एक पुरणपोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस अंथरुणाला खिळले. सासूबाई म्हणतात, एवढ्यानं काय होतंय. नवरा म्हणतो, पाळायचं तर नीट पाळ. आता दिवाळी तोंडावर आहे. मनाचा निग्रह कसा वाढवू?*
*— गोड खाऊन रडणारी*

ताई,

निग्रहाचं नंतर बघू, आधी वजनाचं. चार महिन्यांत 54 चे 48, म्हणजे शंभरातले अकरा गेले. ठरवून बारीक व्हायचं नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचनं उतरलं तरी डॉक्टर कारण शोधतात. तुमच्या बाबतीत अपुरं खाणं हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे, पण ते गृहीत धरू नका. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, थायरॉईड, एचबीए1सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. सीलिॲकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. पोळी अजून चालू असेल तर तपासणी होईपर्यंत ती सोडू नका. तुमच्या आजारासाठी 'नाइस' या, उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेची 2021 ची मार्गदर्शक सूचना आहे. वजन उतरत असलेल्या किंवा बरंच काही वर्ज्य करून खाणाऱ्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे पाठवावं, असं ती सांगते. तुम्ही दोन्हींत बसता.

आता यीस्टला उपाशी मारण्याबद्दल. ही कल्पना 1980 च्या दशकात अमेरिकेत फोफावली. थकवा, डोकं जड होणं, पोट फुगणं या सगळ्यामागे कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असते, असा तो दावा. 1990 मध्ये 42 स्त्रियांवर बुरशीविरोधी औषधाची रीतसर चाचणी झाली. योनीमार्गाच्या तक्रारी औषधानं कमी झाल्या, पण थकव्यासारख्या अंगभरच्या तक्रारींत औषध आणि खोटी गोळी यांत फरक पडला नाही. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये नेमका तुमचा आजार असलेल्या 52 जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कमी साखर-कमी यीस्ट आहार दिला, दुसऱ्याला साधा चौरस आहार. 24 आठवड्यांनंतर थकव्यात दोन्ही गट सारखेच निघाले. शिवाय पहिल्या गटातल्या अनेकांना तो आहार पाळणंच जमलं नव्हतं. तेव्हा निग्रह एकट्या तुमचा कमी पडत नाहीये.

पावातलं यीस्ट आणि कँडिडा या वेगळ्या जाती आहेत. पाव भट्टीत आतून नव्वद अंशांच्या वर तापतो, त्यात यीस्ट जिवंत राहत नाही. इडलीचं पीठ मुख्यतः दह्यातल्यासारख्या आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे फुगतं, थोडं यीस्ट त्यात असतं आणि तेही वाफेत मरतं. दही तर जिवाणूंचंच काम. आणि तुम्ही साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर शून्यावर येत नाही, यकृत ती तयार करत राहतं. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून 'यीस्ट वाढलंय का' बघायला कोणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या, थुंकी अशीही तंतू सोडते. मात्र खाज, पांढरं जाणं असं वर्षातून तीन-चार वेळा होत असेल, तर ती खरी बुरशी असू शकते. तिथला स्वॅब आणि रक्तातली साखर तपासून औषध घ्यायचं असतं. साखर आणि बुरशी यांचं पक्कं नातं मधुमेहात दिसतं.

पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी? तुम्ही त्याच दिवशी चहा बंद केला होता. रोजचा चहा एकदम तोडला की एका दिवसात डोकं धरतं आणि दोन ते नऊ दिवस राहतं. वर जेवण निम्म्यावर आलेलं. त्रास होतोय म्हणजे उपाय लागू पडतोय, हा तर्क धोक्याचा आहे, कारण त्यात रुग्ण कितीही खाली गेला तरी सल्ला देणारा बरोबरच ठरतो.

मग मोदक? गणपतीच्या त्या दिवशी तुम्ही किती तास उभ्या होतात, हे पत्रात नाही. उकड काढणं, पुरण वाटणं, सोळा भाज्या, हळदीकुंकू, येणारे-जाणारे. गौरी-जेवणाच्या घरात पाच तास सहज होतात. तुमच्या आजाराचं मुख्य लक्षणच हे आहे की झेपेल त्याहून जास्त श्रम झाले की तब्येत कोसळते, आणि तीही लगेच नाही, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी. दुसऱ्या दिवशी पडलात, पाच दिवस उठला नाहीत, हे वर्णन श्रमाच्या कोसळण्याशी तंतोतंत जुळतं. दोन मोदकांत मिळून चारेक चमचे गूळ, पुरणपोळीत आणखी चारेक चमचे. एवढ्यानं दुपारी सुस्ती येईल, पोट जड होईल. पाच दिवसांचं अंथरूण मात्र मी मोदकाच्या नावावर टाकणार नाही. आरोप त्याच्यावर आला कारण तो लक्षात राहिला. उभं राहणं कोणी मोजतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. साखर कमी ठेवा, ते चांगलंच आहे. यीस्टचं सोवळं सोडवत आणा. आणि जो काही निग्रह आहे तो ओट्यापाशी कमी उभं राहण्यासाठी वापरा.

साखर कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, असली तर अधिक बरं. हे सहा छोटे चमचे झाले. यात गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा धरायचा. गूळ 'नैसर्गिक' म्हणून सुटत नाही. पण अख्खं फळ आणि दुधातली साखर यात येत नाही. तेव्हा एक पेरू किंवा वाटीभर पपई आजपासून परत, दिवसाला दोन फळं. चहाही परत घ्या, दोन कप, दुपारी दोनच्या आत, नाहीतर झोप बिघडेल. त्यात कपाला दोन चमचे साखर घालायची सवय असेल तर आठवड्याला अर्धा चमचा उतरवा. एकदम बंद केलेली साखर एकदमच परत येते, हळूहळू उतरवलेली जिभेला कळतही नाही.

लपलेली साखर मात्र शोधा. च्यवनप्राश घेत असाल तर डब्यावरचे घटक वाचा, बहुतेकांत साखर सर्वांत वर असते. दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांतली गंमत वेगळीच आहे. गूळ आणि धायटीची फुलं घालून महिनाभर आंबवलेली ही औषधं, त्यांत आपसूक मद्यार्क तयार होतो आणि तो यीस्टच तयार करतं. इडली वर्ज्य आणि रात्री दोन चमचे अरिष्ट, असा 'यीस्टमुक्त' आहार बऱ्याच घरांत चालू असतो. ते बंद करायचं तर ज्या वैद्यांनी दिलं त्यांना विचारून.

चार वाजताचं डबे उघडणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, सकाळी आणि दुपारी प्रथिनं पोटात गेली नाहीत त्याचा हिशोब आहे. दही, शेंगदाणे, डोसे काढून घेतल्यावर ताटात भाकरी आणि पालेभाजी उरते. ती दोन-तीन तासांत संपते. न्याहारीला मुगाची धिरडी करा. एक वाटी अख्खे मूग, म्हणजे दीडशे ग्रॅम, रात्री भिजवा. सकाळी आलं, मिरची, जिरं, मीठ आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालून वाटा. सहा धिरडी होतात, दोन धिरड्यांत बाराएक ग्रॅम प्रथिनं. पीठ आंबवायचं नाही, फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. तवा फार तापला तर पीठ पसरण्याआधीच गोळा होतं, पाण्याचा शिपका मारून मग घाला. उलटताना तुटलं तर पाणी जास्त झालंय. अंडी चालत असतील तर दोन अंडी हा याहून सोपा मार्ग.

आणि भूक लागायची वाट न बघता साडेतीन वाजताच मूठभर शेंगदाणे-फुटाणे खा, किंवा दुपारची उरलेली वाटीभर उसळ. शेंगदाणे बुरशीच्या भीतीनं बंद केले होते ना? सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे टाकून द्यायचे, बाकीचे खायचे. तीस ग्रॅममध्ये सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. संकष्टी-एकादशीचे उपास वजन परत येईपर्यंत नकोत. देवाची हरकत नसते, घरच्यांची असते.

हे सगळं करायचं कोणी? भाकरी थापायला वीस मिनिटं उभं राहणं तुमच्यासाठी महाग आहे. पोळी-भाजी केंद्रातून भाकरी घ्या, फक्त 'आमटी-भाजीत साखर-गूळ नको' हे बजावून सांगा, कारण तो चिमूटभर गूळ हात सवयीनं घालतो. ओट्याशी उंच स्टूल ठेवा, चिराचिरी जेवणाच्या टेबलावर बसून. उसळ तीन वेळची एकदम शिजवून डबे फ्रीझरमध्ये. थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण देते: ज्वारी दोन वाट्या, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ एकेक वाटी, उडीद डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि तांदूळ कच्चा राहतो, मग थालीपीठ कडूही लागतं आणि फुटतंही. पण हे भाजणं पाऊण तासाचं आहे, ते तुम्ही करायचं नाही. 'नीट पाळ' म्हणणाऱ्यांनी करायचं.

यीस्टची खातरजमा करायचीच असेल तर पद्धतशीर करा. आधी दही: पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी वाटीभर, मग तीन दिवस थांबा. त्यानंतर तसंच इडली: अर्धी, एक, दोन. शेवटी पाव. एका वेळी एकच पदार्थ, आणि ज्या आठवड्यात पाहुणे, प्रवास किंवा पाळी नाही अशा आठवड्यात. वहीत रोज चार गोष्टी लिहा: काय खाल्लं, पोट कसं होतं, दहापैकी किती ताकद होती आणि किती मिनिटं उभ्या होतात. हा शेवटचा रकाना नसेल तर वही पुन्हा मोदकालाच दोषी ठरवेल. पावानं पोट फुगलं तरी ते यीस्टमुळेच असं समजू नका, गव्हातल्या एका प्रकारच्या कर्बोदकांनीही वायू धरतो. पोळीनंही तेवढंच फुगत असेल तर गव्हाकडे बघा. दोघांनीही काही झालं नाही तर पाव सुखानं खा.

सासूबाईंना 'यीस्ट' समजावत बसू नका. त्यांना काम सांगा: "आई, माझी आमटी गूळ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढाल?" बहुतेक सासूबाई तत्त्वाला विरोध करतात, वाटीला करत नाहीत. आणि एकही मोदक न खाण्याची शपथ घेऊ नका. एक ठरवून, जेवणाच्या शेवटी, सर्वांबरोबर बसून खा. शपथ मोडली की माणूस 'मोडलीच आहे' म्हणत सहा खातो.

दिवाळीत तुमचं बरंचसं काम फराळच करून ठेवतो. चकली, कडबोळी, शेव यांत ना साखर ना यीस्ट. चिवड्यात पिठीसाखर घालायच्या आधी तुमचा डबा भरून घ्या. लाडू, करंज्या, अनारसे बचत गटाकडून आणा, घरात तळणीसमोर उभं राहणं यंदा नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास आडवं पडायचं हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. चकलीची आणि थालीपिठाची भाजणी एकाच दिवशी दळायला द्या, म्हणजे गिरणीची खेप एकच होईल. ती खेप नवऱ्याची.

— तुमची ताई